ताटात पडलेलं नाव

प्रिय तायरा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बसच्या ड्रायव्हरजवळ देते. योश्कार-ओलाला तुझ्या वसतिगृहावर नेऊन देईन म्हणालाय. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. सिल्विका असती तर म्हणाली असती, आई, कोंबडीच्या पायाला शाई लावून कागदावर सोडलीस की काय.

गावाकडची खबर म्हणजे बर्चच्या झाडांना रस सुटलाय. यंदा उशिरा सुटला, पण गोड आहे. तुम्ही दोघी एकाच झाडाला दोन नळ्या लावायच्या आणि कुणाची बरणी आधी भरते यावरून भांडायच्या. भरली की तू पळायचीस. ती मात्र मागे राहून भोकात खुंटी ठोकायची, वर माती लिंपायची आणि खोडावर हात ठेवून म्हणायची, भागलं गं बाई आमचं, आता तू राहा सुखात. मी हसायचे तिला. परवा मी एकटीच गेले, बरणी भरली आणि तशीच निघाले. अर्ध्या वाटेत आठवलं. परत जाऊन पाहते तर रस वाया चाललेला, सगळं खोड ओलं. खुंटी ठोकली, माती लावली. आभाराचा शब्द मात्र काही केल्या तोंडातून फुटेना.

तो शब्द माझा हरवलाच आहे. मागे देवराईत गेले होते. आपली रीत तुला माहीतच आहे, आधी आभार, मागणं शेवटी. मी गेले ती भांडायलाच. लिंडनच्या झाडापुढे उभी राहून विचारत होते, तेवीस वर्षांची माझी पोर कशाला हवी होती तुला? देवराईची पूजा करणारे तोक्ताय आजोबा तिथेच वाळकी पानं झाडत होते. तिथे कुणी मोठ्याने खोकलं तरी डोळे वटारणारा माणूस तो. मला वाटलं, आता हाकलणार. तर म्हणाले, "राग आणलास तर असू दे. आवाज तेवढा खाली ठेव, झाडं हिवाळ्यातून आत्ता कुठे उठतायत." आभार मानू तर कशाचे मानू, असं मी विचारलं. त्यांनी पानांचा ढीग बुंध्याशी लोटला. मग म्हणाले, "तेवीस वर्षांचे." मला त्यांचा इतका संताप आला की घरी येईपर्यंत रडतच आले.

आता सिल्विका गेल्यानंतरच्या सातव्या दिवसाचं सांगते. तुझ्या आईने कळवलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. तू तिसऱ्याच दिवशी शहरात निघून गेली होतीस. घरात सगळे जमले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या, गेलेल्यांचं ताट मांडलं होतं. मी धिरड्याचे तुकडे मोडून एकेकाच्या नावाने त्यात टाकत होते. सासूबाईंना पोचो, नवऱ्याला पोचो, सिल्विकाला पोचो. आणि त्याच दमात म्हणाले, तायराला पोचो. हातातला तुकडा ताटात पडलासुद्धा. जिवंत पोरीचं नाव गेलेल्यांच्या ताटात! तुझ्या आईने चमचा खाली ठेवला आणि न जेवता उठून गेली. तेव्हापासून मी दिसले की ती वाट बदलते. बाकीचे मला समजावत राहिले, जीभ घसरली बिचारीची, तायरा जन्मल्यापासून बावीस वर्षं दोन्ही नावं जोडीने घ्यायची सवय. खरंच होती ना सवय? सिल्विका-तायरा, जेवायला या. सिल्विका-तायरा, चिखलाचे बूट बाहेर. मीही मान डोलावली. मग रीतीप्रमाणे ताट कुत्र्यांना घालायच्या आधी तुझ्या नावाचा तुकडा शोधत बसले. सगळे तुकडे सारखेच, कुठला तुझा ते कळेना.

शेवटी तोक्ताय आजोबांकडेच गेले. ते म्हणाले, पडलेलं नाव ताटातून काढता येत नाही; जिचं आहे तिने त्याच घरी येऊन स्वतःच्या हाताने जेवायला हवं.

तायरा, माझी जीभ घसरली नव्हती. तुला नदीतून बाहेर काढून आणलं आणि तिला चादरीत, तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, ही कशी राहिली, ही का नाही गेली. ते मनातलंच त्या दिवशी तोंडावाटे आलं. बर्फावरून नदी ओलांडू या असं तुमच्यातलं कोण म्हणालं, मला माहीत नाही, आणि कधी विचारणारही नाही. पण बर्फ फुटल्यावर तू पोटावर सरपटत तिच्यापर्यंत गेली होतीस. तुझी उखडलेली नखं मी पाहिली होती. पाहिली, आणि तुझे हात हातात घेतले नाहीत. त्याची मला फार लाज वाटते. पुढच्या रविवारी चाळिसावा दिवस, तिला जेवू घालून निरोप द्यायचा. तिचे कपडे घालून तिच्या जागी बसायला तिच्याच बांध्याचं माणूस लागतं. जाऊबाई शेजारच्या पोरीचं, गाल्याचं नाव घेतात, पण तिला त्या बाह्या पुरायच्या नाहीत, आणि ते हिरवे मोजे, ज्यांची टाच तू लाल लोकरीने रफू केलीस, ते मी दुसऱ्या कुणाच्या पायात बघू शकणार नाही. तू ये. मी तुला तिच्या नावाने हाक मारीन, तिकडे थंडी वाजते का म्हणून विचारीन, सुचेल ते सांग. जेव पोटभर. मग सगळे मिळून तुला वेशीपर्यंत पोचवू. तिथून ती पुढे जाईल. तू कपडे उतरव, तोंड धू आणि तायरा म्हणून माझ्याबरोबर परत घरी ये. तव्यावरचं धिरडं मी तुझ्या हातावर ठेवीन, ते तुझ्या नावाचं. तेवीसातली बावीस वर्षं ती तुझ्यासोबत हसली. आभार मानायला मी तिथूनच सुरुवात करणार आहे, आणि ते मला तुझ्या तोंडावर मानायचे आहेत.

वाट पाहणारी, अजूनही तुझीच,
ओक्सावी मावशी