माझ्या घरचा गुरुवार

घडले ते असे:

१. मी उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबोरेटरी टेक्निशियन आहे. थुंकी, रक्त, लघवी तपासते.
२. गावात कॉलेज निघाले तेव्हा खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी अन्नसाह्य मंडळ स्थापन झाले. सात वार, सात घरे. विद्यार्थ्याने रोज एका घरी जेवायचे.
३. मी गुरुवार मागितला. मंडळाने दिला.
४. जळकोटचा गोरोबा एका गुरुवारी माझ्याकडे जेवला.
५. त्यानंतर कोणी जेवले नाही.

मी, वनमाला अंबादास नळदुर्गकर, वय एकोणतीस, अविवाहित, राहणार उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे. पुढच्या महिन्यात वेल्लोरला ऑपरेशन आहे. बरे होण्याचा संभव जास्त आहे. दुसराही संभव आहे, म्हणून हा कागद.

घर: दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. हे मी माझ्या पगारातून घेतले; त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते भांड्यांसकट अन्नसाह्य मंडळाला देते. अट एकच. आठवड्यातून एक वार याच घरात स्वयंपाक व्हावा आणि विद्यार्थ्यांनी पुढच्या खोलीत, दार उघडे ठेवून जेवावे. घर विकून किंवा भाड्याने देऊन तो पैसा शिध्याला लावू नये. माझ्या नावाची पाटी नको.

ही अट का, ते मंडळाचे चिटणीस दत्तोपंत यांना माहीत आहे. गोरोबा यायचा थांबल्यावर ते आले आणि ओट्यावरच बसले.

“बाई, तुम्ही शिधा द्या. शिधा चालतो.”

“शिध्याला माझा हात लागत नाही का?”

“चुलीवर चढलं की जातं सगळं.”

“मग माझ्याही चुलीवर जात असेल.”

त्यांनी पानाचा डबा उघडला आणि ज्वारीच्या भावाबद्दल बोलू लागले.

तेव्हापासून मी शिधा देते. वार्षिक सभेत देणगीदारांत माझे नाव वाचतात, टाळ्या होतात. चहा आला की मी उठते. बसा, असे अजून कोणी म्हटलेले नाही.

गोरोबाला दोष देऊ नये. दुसऱ्या गुरुवारी तो दारापर्यंत आला होता. म्हणाला, “ताई, पोरं मला थुंकीबाईचा पाव्हणा म्हणत्यात. ते ऱ्हाऊ द्या. पर बाकीची सा घरं म्हणत्यात, तिथं जेवायचं असंल तर आमच्याकडं येऊ नगं.” एका जेवणासाठी सहा जेवणे सोडायला कोणाला सांगता येत नाही. मीच त्याला जा म्हणाले. माझ्या वडिलांचे घड्याळ गोरोबाला द्यावे. ते थोडे पुढे जाते. परीक्षेला तसे बरे.

त्या दिवशीचा स्वयंपाक शेजारच्या सिद्धम्माच्या म्हशीला गेला. सिद्धम्मा म्हणाली, “म्हशीला कायबी कळत न्हाय बगा ताई, म्हणून ती सुखी हाय.” मग टोपलीतली भाकरी मोडून तिने एक तुकडा स्वतः खाल्ला, अंगणातच उभी राहून. माझी ट्रंक आणि साड्या सिद्धम्माला. रंग तिला फिके वाटतील.

सूक्ष्मदर्शक: जुना आहे, पण माझा स्वतःचा आहे. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाला द्यावा. भिंगे धोतराच्या सोग्याने पुसू नयेत.

पोस्टातली शिल्लक घराच्या पत्र्यांसाठी.

माझे बंधू गोपाळकृष्ण, राहणार तुळजापूर, यांच्या घरी वहिनींनी माझ्यासाठी एक कपबशी वेगळी ठेवली आहे. ती माझी आहे, असे त्या पाहुण्यांना सांगतात. तेव्हा ती मी वहिनींनाच देते. मंडळाने अट नाकारली तर घरही बंधूंना जाईल. ते आडत्याला गोदामासाठी विकणार आहेत, हे त्यांनी मला आधीच सांगितले आहे.

वेल्लोरला काही झाले तर अंत्यविधी तिथेच व्हावा. तार सिद्धम्माच्या नावे करावी. तिला वाचता येत नाही. पोस्टातले बसवराज माळगे वाचून दाखवतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. त्यांनी कबूल केले आहे.

जिला काही द्यायचे तिची साक्ष न घेतलेली बरी, असे वकील म्हणाले. त्यामुळे सिद्धम्मा साक्षीला नाही. खालील दोघांची माझी ओळख त्यांच्या तपासणीतून झाली. निकाल इथे लिहीत नाही. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: वनमाला अंबादास नळदुर्गकर

साक्षीदार:
१. बसवराज सिद्रामप्पा माळगे, पोस्टातील कारकून
२. गुंडाप्पा हत्तरगे, शिंपी

उमरगा, २८ जुलै १९६८

प्रत: चिटणीस, अन्नसाह्य मंडळ. मंडळाला अट मान्य आहे की नाही ते मला निघण्यापूर्वी कळावे, म्हणजे नकार असल्यास घराचे कलम बदलता येईल. उत्तर गुरुवार, ८ ऑगस्टपर्यंत मिळावे. नकार असेल तर चिठ्ठी पुरे. होकार असेल तर चिठ्ठी नको. त्या दिवशी दुपारी कोणाला तरी जेवायला पाठवावे.