आरमाराची फी अन् वाळका भोपळा

झरी. वैशाख, सोमवार संध्याकाळ.

अजून कानात पाणी हाय. आरमारात अफसर व्हायचं तर आधी कॉलेज पाहिजे, अन् कॉलेजची फी फक्त काकाच भरू शकतात. काका म्हणाले, "समुद्रावर जायलास ना? आधी आपल्या विहिरीत पोहून दाखव."

बुडू नये म्हणून पाठीला वाळका भोपळा बांधून उडी मारली. नाकात पाणी गेलं, तसा बोंबललो. मला वाचवायला काकांनी धोतरासकट उडी घेतली. त्यांनाही पोहता येत न्हाई, हे मला काय ठाऊक? माझ्या पाठीवरच्या भोपळ्याला त्यांनी मिठी मारली, अन् हातपाय झाडत दोघं कसेबसे पायरीला लागलो.

काका धापा टाकत म्हणाले, "फी भरतो. पण काकूला सांगू नको."

लय आनंद झाला. तरी वाटतंय, कॉलेजात खरं तर त्या भोपळ्यालाच पाठवायला पाहिजे.