डाव्या बाजूचा परवाना

मी, खाली सही करणारा, चौकातल्या हॉटेलच्या डाव्या अर्ध्याचा आणि दारूच्या परवान्याचा मालक, लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाखाली न येता आणि थेंबभरही न घेता करत आहे. शरीराबद्दल डॉक्टर आता फारसं बोलत नाहीत. पण डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. लिहायला बसलो की सरकार नियम बदलायचं आणि आपल्याकडे देण्यासारखं काय उरलंय तेच कळेनासं व्हायचं.

कलम १. हॉटेल. हे हॉटेल माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं. लोक आम्हाला थोरला आणि धाकटा म्हणूनच ओळखतात. तो चुलीपुढे, मी गल्ल्यावर, मध्ये एकच मोठा हॉल, असं आमचं बरं चाललं होतं. मग नियम आला की दारू मिळते त्या जागी कुटुंबांनी जेवू नये. आधी पडदा लावला. पडदा चालेना म्हणून फळ्या ठोकल्या. फळ्याही चालेनात, तेव्हा छतापर्यंत विटांची भिंत घातली. स्वयंपाकघर आणि पाण्याचा नळ धाकट्याकडे गेला, दारू माझ्याकडे राहिली.

नळावरून कुरबुरी व्हायच्याच. एकदा भर गिऱ्हाइकांत मी म्हणालो, "ह्याच्या हातचं जेवण घशाखाली उतरायला आधी दोन पेग लागतात." मी थट्टेत बोललो. आजही थट्टाच म्हणतो. त्याने नळ बंद केला आणि माझ्याशी बोलणंही. पुढे सरकारने नियम मागे घेतला, भिंतीची गरज नाही असं लेखी कळवलं. सरकारने भिंत मागे घेतली, आम्ही दोघांनी घेतली नाही. त्यालाही आता अठरा वर्षं झाली.

कलम २. सामान. खुर्च्या, टेबलं, बर्फाची पेटी आणि ग्लास माझ्या लेकीला. खिडक्यांबद्दल एक सांगतो. पेले रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून आम्हाला काचा काळ्या रंगवायला लावल्या. मग हुकूम आला की आतलं सगळं रस्त्यावरून दिसलं पाहिजे. लेकीने आणि मी ब्लेडने रंग खरवडला. कोपऱ्यांत थोडा राहिला आहे, तो राहू द्यावा. नियम परत फिरला तर तेवढं काम वाचेल. नियम बदलायचा सरकारला कंटाळा येत नाही, पाळायचा मला आला आहे.

कलम ३. छत्री. दारूसोबत खाणं दिलंच पाहिजे असा नियम निघाला तेव्हा माझ्याकडे चूल नव्हती. मी बशीत एक उकडलेलं अंडं ठेवायचो आणि तेच संध्याकाळभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरवायचो. एका नवख्या गिऱ्हाइकाने ते खाल्लं आणि नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आत आले. ते पोट धरून हसले आणि निघून गेले. त्यांना माझी चांगली छत्री द्यावी. बाकीच्या साहेबांना काही देऊ नये, त्यांनी आपलं आपलं मी जिवंत असतानाच नेलं आहे.

कलम ४. परवाना. बार खरं तर लेकच चालवते, मी नुसता खुर्ची उबवतो. आता ताजा नियम असा की ज्या जागेला स्वतःचं स्वयंपाकघर नाही, तिचा परवाना मालकाबरोबर संपतो. म्हणजे मला पोचवून लोक घरी जायच्या आत लेकीच्या दाराला टाळं. तिचं पोट ह्याच्यावरच आहे. भिंत पडून दोन्ही बाजू एक झाल्या तरच परवाना तिच्या नावावर होईल आणि ते धाकट्याच्या हातात आहे. त्याची मनधरणी करायला माझी जीभ रेटत नाही. बाकी सगळ्याला थकलो, ह्या एका गोष्टीत अजून ताठा आहे. म्हणून माझी निम्मी जागा, भिंतीसकट, मी धाकट्याला देत आहे. फुकट मिळतंय म्हणून तरी तो भिंत पाडेल. बाकी सगळं लेकीला. त्याने वाटा सोडल्यास तोही तिलाच.

सहीच्या वेळची नोंद. दुसरे साक्षीदार, शेजारचे शिंपी, आले नाहीत. वाटेकरी म्हणून नाव-पत्ता लिहून घ्यायला ह्या मृत्युपत्राचं काम पाहणाऱ्या वकीलबाईंनी धाकट्याला बोलावलं होतं. तो ओल्या हातांनीच आला. कागद त्याने उभ्याउभ्या वाचला.

"इतक्या वर्षांनी बोलावलंस, ते मेल्यावर वाटा देतो म्हणून?"

मी म्हटलं, "पोरीचा परवाना जाईल."

"तुझी पोर रोज दुपारी माझ्याकडे जेवते. स्वयंपाकघर तिचंच आहे. भिंत पाडायला मी कधी नाही म्हटलं? कोणी विचारलंच नाही." मग तो वकीलबाईंना म्हणाला, "पेन द्या. साक्षीदाराची सही मी करतो."

त्यांनी समजावलं, "काका, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर तुमचा वाटा जाईल."

"म्हणूनच मागतोय."

लेक तिकडे जेवते हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं. अशक्तपणामुळे आलं असं डॉक्टर सांगतील, पण तसं नाही.

ठिकाण: गल्ल्यामागची खोली
दिनांक: महिन्याची पहिली तारीख, नियमाप्रमाणे कोरडा दिवस

मृत्युपत्र करणारा: थोरला (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा. मृत्युपत्र करणाऱ्याशी नातं: सख्खा भाऊ. (सही)