ह्यांच्या कंप्युटरातल्या मुंग्या

घोटावडे,
मंगळवार, दुपार

ती. वन्संना लीलाचा वाकून नमस्कार. दोन्ही पायांना करते, नव्या गुडघ्याला जरा जपून.

गुडघा आता कसा आहे? साधनानं पाठवलेल्या फोटोत तुम्ही काठी न घेता अंगणात उभ्या दिसता, ते बघून जिवाला बरं वाटलं. आईची अशी सेवा करणारी लेक मिळायला भाग्य लागतं, असं तिला माझ्यातर्फे सांगा. फोटो ह्यांनाही दाखवला. गुडघ्यात स्टील बसवलंय म्हटल्यावर कुठल्या ग्रेडचं बसवलं ते विचारून घ्यायला सांगितलंय. (विचारलं, एकदम भारीतलं आहे, असं मी सांगून टाकलंय. तुम्ही त्रास घेऊ नका.) आमच्याकडं सगळं ठीक. गाय व्यायली, कालवड झाली. वरच्या खोल्यांत हिंजवडीला जाणाऱ्या तीन मुली भाड्यानं राहतात, त्यांचा सोबतीला आधार आहे.

पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर आपलं जमत नाही म्हणून लिहितेय. मागं मी ओरडून ओरडून सांगितलं की कंप्युटर बंद पडला, तुम्ही ऐकलंत की कंबर धरली, आणि तिसऱ्या दिवशी निर्गुडीच्या तेलाची बाटली दारात. तेल चांगलं आहे. कंप्युटरला लावलं नाही.

तो कंप्युटर तुम्ही पाहिलाय. साहिल इंजिनिअरिंगला लागला तेव्हा घेतलेला, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीसारखा पडदा आणि शेजारी पत्र्याचा डबा. साहिल शिकून बंगळूरला गेला, कंप्युटर मागं राहिला, तसे आम्हीही राहिलो. हे रिटायर झाल्यावर त्याच्यापुढं बसायला लागले. त्यात एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव आहे, लालावर काळं, काळ्यावर लाल, असे लावत जायचे. डाव सुटला की पत्ते पडद्यावरून उड्या मारत खाली येतात. मग आतून हाक यायची, "लीले, ये, पडत्यात बघ." भाकरी तव्यावर टाकून जावं लागायचं. इतकी वर्षं ते पत्ते एकसारखेच पडत आले, तरी दर वेळी बघून नवल करावं लागायचं. (नाही गेलं तर त्या दिवशी आमटीत मीठ कमी निघायचं.)

ह्यांच्या विसरण्याचं तुम्हाला माहीत आहे, पण जत्रेला आलात तेव्हा पाहिलंत त्याच्या आता पुष्कळ पुढं गेलंय. जेवून हात धुतात आणि परत पानावर येऊन बसतात. गायीला मामंजींच्या वेळच्या बैलाचं नाव घेऊन हाक मारतात, आणि ती बिचारी ओ देते. पण पत्ते विसरले नव्हते. डोक्यातलं गेलं तरी बोटांतलं गेलं नव्हतं. दुपारचं जेवण झालं की दोनेक तास हा माणूस आपल्या जागेवर असायचा, आणि तेवढ्यात माझी आंघोळ, धुणं, गोठा, आणि (तुम्हाला म्हणून सांगते) थोडं रडणंसुद्धा उरकून व्हायचं.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि आली. फ्रिज लागला, पंखा लागला, कंप्युटर तेवढा लागला नाही. बटण दाबलं की आत घरघर, एक शिट्टी, मग गप. हे बराच वेळ काळ्या पडद्यापुढं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी धुणं वाळत घालून येईपर्यंत घरातून नाहीसे. सगळं गाव धुंडाळलं. सापडले कुठं, तर पिरंगुटला, ह्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर. कंपनी कधीच उठून गेली, आता तिथं पार्सलांचं गोडाऊन आहे. हे वॉचमनची खुर्ची घेऊन बसले होते आणि पार्सलवाल्या पोरांना उशिरा आल्याबद्दल झापत होते. पोरं खाली मान घालून 'सॉरी सर' म्हणत आत पळत होती. वॉचमन बिहारकडचा, भला माणूस. मला म्हणाला, "चाचीजी, साहब को बैठने दो, आज सब टाइम पे आ रहे हैं।" तिथं मी हसले. परत येताना रिक्षात बसल्यावर हसू कुठं गेलं कळलं नाही. त्या रस्त्याला डंपर कसे सुटलेले असतात तुम्ही जाणता, आणि तो रस्ता ह्यांनी एकट्यानं ओलांडला होता. तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी कंप्युटर सुरू करायचा.

घरात तीन कंप्युटरवाल्या राहत असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून आधी वर गेले. एक म्हणाली, काकू मी टेस्टिंगला आहे. दुसरी म्हणाली, मी सपोर्टला आहे, पण अमेरिकेच्या. तिसरी म्हणाली, मी क्लाऊडमधे असते. मी म्हटलं, बाई, खाली उतरलीस की ये. त्यातली टेस्टिंगवाली वैष्णवी, नांदेडकडची, फार गुणाची आहे. तिनं तोच डाव स्वतःच्या मोबाईलवर घेऊन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी नीट बघितला, 'बरा हाय' म्हणाले, आणि ती चहा पीत होती तेवढ्यात नेऊन ज्वारीच्या डब्यात ठेवला. तिचा साहेब अर्धा तास ज्वारीतून बोलत होता. मग साहिलनं बंगळूरहून पाटीएवढा सपाट नवा कंप्युटर पाठवला. ह्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसून त्यावर चहाचा कप ठेवला. मी साहिलला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, आई, जुना भंगारात देऊन टाक, नव्याची सवय होईल त्यांना. मी म्हटलं, "बाबा, त्यांची आता सवय व्हायची वेळ न्हाई, सवयी सुटायची हाय." तो वाईट नाही, वन्सं. लांब राहणाऱ्याला काय करावं सुचत नाही, म्हणून तो वस्तू पाठवतो.

शेवटी मीच तो पत्र्याचा डबा माझ्या सुती साडीत गुंडाळला (खड्ड्यांत आपटू नये म्हणून) आणि मांडीवर घेऊन पीएमटीत बसले. ह्यांना घरी ठेवता येत नाही, म्हणून हे शेजारी. बस सुटल्यावर ह्यांनी गाठोड्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "साहिल हाय ना? अंग तापलंय का अजून?" साहिल लहानपणी विषमज्वरानं आजारी होता, तेव्हा आम्ही त्याला असाच गुंडाळून नेला होता. मी म्हटलं, उतरतोय. मग हे थोपटायला लागले. ते बघून एक मुलगी उठून उभी राहिली आणि तिनं आपली खिडकीची जागा दिली. पुढच्या म्हाताऱ्यानं वेखंड उगाळून लावायला सांगितलं. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडायला हात घातला होता, तो मागं घेतला. मी गाठोडं आणखी घट्ट धरलं. वाडीवरची भिमाबाई रानभाजीची पाटी घेऊन मागं बसली होती. ती मायेनं पुढं वाकली, साडीचा पदर बाजूला करून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि पदर होता तसा नीट लावला. म्हणाली, "निजलंय. उटवू नगा त्याला." पिरंगुट येईपर्यंत बसमधे कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पिरंगुटच्या बाजारात कैलास म्हणून एकजण मोबाईलच्या काचा बसवतो, जुने कंप्युटरही बघतो. त्यानं ह्यांना स्टुलावर बसवलं आणि डबा उघडला. त्या डब्याला पुढच्या बाजूनं एक कप्पा असतो, बटण दाबलं की जीभ काढल्यासारखा बाहेर येतो, पूर्वी त्यात सीडी ठेवायचे. तो काही केल्या येईना. कैलासनं पेचकसानं ओढला, तर आत पाघळलेला गूळ, आणि गुळात रुतलेल्या पांढऱ्या गोळ्या. वन्सं, धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टरांच्या गोळ्या कडू म्हणून मी रोज सकाळी गुळाच्या खड्याबरोबर ह्यांच्या हातावर ठेवत होते. पाण्याचा घोट घेऊन हे सांगायचे, गेली. जात होती, पण कंप्युटरात. मुंग्यांनी गुळाच्या वाटेनं आत जाऊन सगळा संसार थाटला होता. कैलास म्हणाला, "मावशी, मुंग्यांनी मशिन खाल्लंय. गोळ्या तेवढ्या सोडल्यात."

तुम्हाला खरं सांगते, लाज वाटली ती घटकाभर, नंतर मला आनंद झाला. म्हणजे औषध लागू पडत नव्हतं असं नाही, औषध पोटातच गेलं नव्हतं. तशीच ह्यांना घेऊन पौडला डॉक्टरांकडं गेले, देवाच्या दारात धावत जावं तशी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मुंग्यांच्या भागाला हसलेसुद्धा. मग चष्मा काढून म्हणाले, आजी, गोळ्या द्या, पण गेलेलं परत आणायचं काम ह्या गोळीचं नाही, राहिलंय ते जरा सावकाश जातं एवढंच. मी म्हटलं, सावकाश तर सावकाश.

कंप्युटरला विजेची पेटी नवी हवी होती आणि तसली आता कुठं मिळत नाही. कैलासनं कुठल्याशा मोडीत निघालेल्या कंप्युटरातून काढून आणली, त्यात पंधरवडा गेला. तोवर हे रोज जेवण झालं की रिकाम्या टेबलापुढं जाऊन बसायचे आणि थोड्या वेळानं उठून दाराकडं जायचे. मी दाराला कडी घालून उंबऱ्यात बसायची. धुणं, गोठा संध्याकाळवर गेलं. रडणं बंदच झालं, वेळ मिळेना. डबा परत देताना कैलास म्हणाला, सुरू होतोय, पण एक खोट राहिली. आतलं घड्याळ गेलंय, त्यामुळं दर वेळी सुरू केला की त्याला मागचंच कुठलं तरी साल चालू आहे असं वाटतं. मी म्हटलं, असू दे, घरात आहे त्याला सोबत.

वैष्णवीनं त्या दिवशी सुट्टी टाकून वायरी जोडल्या. मी हळदकुंकू वाहिलं. बटण दाबलं, घरघर झाली, आणि पडदा उजळला. वैष्णवीनं डाव मांडून दिला. ह्यांना खुर्चीत बसवलं. ह्यांनी माऊसवर हात ठेवला, अगदी पहिल्यासारखा, आणि आम्ही दोघी मागं उभ्या राहिलो. हे बघत राहिले. चांगला वेळ बघत राहिले. मग हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "छान हायेत. कुणी मांडलेत?"

मी डब्याच्या मागं पिरंगुटच्या फेऱ्या मारत होते, आणि तेवढ्यात इकडं बोटांतलंही निघून गेलं होतं. वैष्णवी वर गेली. ह्यांनी मला खुर्ची दिली, पाहुण्याला द्यावी तशी, स्वतः शेजारी स्टुलावर बसले. मी जन्मात कधी त्या यंत्राला हात लावला नव्हता. पण मांडलेला डाव तसाच सोडवेना, म्हणून बसले. चिडवतेय बघा कशी ती बाणाची खूण, धरायला गेलं की पळते. एकदा मी चौकटपुढं काय लावावं कळेना म्हणून किलवरवर इस्पिक ठेवायला गेले, तर हे हळूच म्हणाले, "काळ्यावर काळं जात न्हाई." तेवढं एकदाच. त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला.

आता रोज दुपारी मी खेळते. पुष्कळदा अडकते, कधी सुटतो डाव. सुटला की मीच हाक मारते, अहो, या, पडत्यात बघा. हे येतात, पत्ते उड्या मारताना बघतात आणि लहान मुलासारखं हसतात. इतक्या वर्षांत मी कधी एवढ्या मनापासून हसून दाखवलं नाही त्यांना, हे आता ध्यानात येतंय.

असो. दुपार संपत आली, धार काढायची आहे. साधनाला आणि तिच्या मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला ओल लागू देऊ नका, आणि पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाका.

तुमची भावजय,
लीला

ता. क. : गोळ्या आता दुधात कुस्करून देते. तुळस एकाएकी पांढरी दिसायला लागली, तेव्हापासून दूध संपेपर्यंत तुळशीपुढं मीच उभी राहते.

आणखी ता. क. : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. चार-पाच दिवस झाले, हे माझ्या हातचं जेवत नाहीत. औषधाचं दूध तेवढं घेतात, बाकी डब्यातली बिस्किटं आणि केळी ह्यांवर आहेत. रागावलेत असं नाही. मी ताट नेलं की उठून हात जोडतात आणि म्हणतात, "बाई, तुमी भल्या हायेत, पण लीला येऊ द्या. परक्या बाईच्या हातचं जेवलो तर तिला वाईट वाटंल." मी म्हणते, अहो, मीच लीला. तर हसतात. म्हणतात, लीला तुमच्यापेक्षा लई लहान हाय. असा नवरा मिळायला पुण्य लागतं म्हणतात, वन्सं, पण मी उपाशी माणसाचं ताट परत आत नेते तेव्हा ते पुण्य कुठं ठेवू कळत नाही.

परवा तुमचा फोन आला, तेव्हा तुमचा आवाज खोलीभर ऐकू गेला. हे ताडकन उठले आणि म्हणाले, "अक्का आली." तुम्हाला ते ओळखतात. मला बघायला माझ्या माहेरी तुम्हीच आल्या होतात, हे आलेच नव्हते. मांडवात तुम्हीच माझ्याकडं बोट करून म्हणालात, जयसिंग, ही लीला, हिला नीट सांभाळ. तुमच्या शब्दावर त्यांनी मला घरात घेतलं. गुडघ्याला झेपत असेल तर एकदा या, साताऱ्याला गाडी पाठवायची सोय मी करते. आल्यावर बाकी काही करू नका, तेवढंच त्यांना परत सांगा. जेवणाचं, औषधाचं, कंप्युटरचं सगळं मी बघते. ही एवढी ओळख मात्र माझी मला करून देता येत नाही.