पश्चिमेचे छज्जे

मंगळवार, मे महिना

आज बिल्डर महेशजी स्वतः माझ्या ऑफिसात आले. याच माणसाने भर मीटिंगमध्ये माझ्या नकाशातले खिडक्यांवरचे छज्जे लाल पेनाने उडवले होते. "मॅडम, छज्जे गावात चालतात. इथे काच खपते." सगळे हसले. मीही हसले. का हसले मी? तेच अजून डाचतं.

आता नवा नियम आलाय. पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली नसेल, तर नकाशा पास नाही.

"बस, छज्जे जोडून द्या ना मॅडम."

म्हटलं, देते ना महेशजी. पण आधी उद्या भर दुपारी तुमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बसू. पश्चिमेच्या काचेजवळ, एसी बंद करून. छज्जे कुठे हवेत ते तुम्हीच काढून दाखवा. लाल पेन मी आणते.