फणीतले जुने धागे

बाबूलाल,

मी बाबाचा डबा घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात चालली. भाजी चुलीवर झाकून आहे, पोरायले वाढजो.

दिवाळीच्या सुट्टीत येऊन तुम्ही साऱ्यायनं घर साफ केलं, बरं झालं. पण बाबाच्या हातमागाच्या फणीतले जुने धागे कचरा नव्हते गा. नव्या उभ्या धाग्यायचा ताणा त्याच टोकायले पीळ देऊन जोडा लागते. ते गेले की फणीत एकेक धागा पहिल्यापासून ओवा लागते, अन् आता बाबाच्या डोळ्यायनं ते होत नाही. आंघोळीच्या पाण्याखाली काहून जाळले? मले एकदा विचारलं असतं.

बाबाले सांगितलं नाही. ते झोपेतही चादरीचे दोरे चिमटीत धरून पीळ देऊन राहिले. घरी आले की पहिले मागावरच बसतीन. रिकामी फणी त्यायले दिसू देऊ नको. त्याआधी माग कोणालेही देऊन टाक. मीच दिला म्हणून सांगीन.

कुसुमताई