शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच

१६ एप्रिल, रविवार

ही वही दुकानाची. पुढून लोकांच्या खोल्यांची मापं, मागून माझं खाजगी. कुणी वाचण्याची भीती नाही. माझं अक्षर रोंडालाही लागत नाही, आणि आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली.

आज लेकीला, टिलीला, मोजलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या पहिल्या वाढदिवसापासूनच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, शेजारी इंचांचे आकडे मी स्वतः रंगवलेत. साडेपंचेचाळीस भरली. बावीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवतोय. माझ्या मापात सुताचा फरक निघाला तर मिशा उतरवून देईन.

क्रॅनमर पार्कातल्या बिग हॅनाला शेहेचाळीस लागतात. म्हणजे तो मोठा लाकडी रोलर कोस्टर. शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीसमध्ये असेल तर पोराशेजारी मोठं माणूस हवं. अठ्ठेचाळीसच्या वर पोर एकटं बसू शकतं. टिली म्हणाली, डॅडी, अर्धाच इंच राहिला, मग तू आणि मी पहिल्या डब्यात, प्रॉमिस? म्हटलं, प्रॉमिस.

रोंडाच्या मानेचं ऑपरेशन झालंय, तिला असल्या गोष्टींत बसायची बंदी आहे. म्हणजे मोठं माणूस मीच. काही हरकत नाही.

२२ एप्रिल, शनिवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. टिलीला मी सांगून ठेवलंय की लहानपणी एका दिवसात मी बिग हॅनावर एकोणीस वेळा गेलो. हे अगदीच खोटं नाही. एकोणीस वेळा रांगेत उभा राहिलो होतो. गाडी समोर आली की प्रत्येक वेळी बुटाची नाडी सुटायची.

रोंडाने आज जेवताना विचारलं, लायल, तू बसलायस ना रे खरंच? म्हटलं, हा काय प्रश्न झाला? आणि बटाटे मागितले.

निश्चय: महिनाभरात मनाची तयारी करायची. मोठी माणसं बसतातच की.

७ मे, रविवार

स्वयंपाकघराची फरशी बदलली. रोंडा दोन वर्षं मागे लागली होती. लोकांच्या घरी चकचकाट आणि आमच्याकडे पोपडे, असं म्हणायची. खाली एकावर एक लिनोलियमचे तीन थर निघाले, हिरवा, तपकिरी, विटकरी, आणि त्याखाली कुणा शहाण्याने ठोकलेलं प्लायवूड. सगळं उखडलं आणि पातळ नवी फरशी टाकली. जमीन आधीपेक्षा बरोबर एक इंच खाली गेली. दाराखाली फट पडलीय, तिथे पट्टी लावायची आहे. काम मात्र देखणं झालं. रोंडाने गालाचा मुका घेतला.

१७ जून, शनिवार

टिली धावत आली, डॅडी मोज. मोजलं. पावणेपंचेचाळीस.

परत मोजलं. तेच. मी चक्रावलो. एप्रिलमध्ये साडेपंचेचाळीस आणि आता पावणेपंचेचाळीस? पोरगी चौकटीकडे बघत राहिली. म्हणाली, डॅडी, मी आटले का?

मी खाली वाकलो तेव्हा दाराखालची फट दिसली. पट्टी अजून लावलेली नाही. जमीन एक इंच खाली गेलीय, चौकटीवरचे आकडे आहेत तिथेच आहेत. पाच सेकंदांत उलगडा झाला. सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, म्हणजे या वर्षी आपल्याला बिग हॅनावर जाता येणार नाही?

आणि तोंड मिटलं. माझं मी मिटलं नाही. ते आपोआप मिटलं.

संध्याकाळी ६ वाजता

शांतपणे विचार केला. मी खोटं बोललेलो नाही. चौकट जे दाखवते ते वाचलं. शिवाय तिची खरी उंची आज पावणेशेहेचाळीस, म्हणजे तशीही पाव इंच कमीच. कुणाचं काहीच नुकसान झालेलं नाही. खरे शेहेचाळीस भरले की त्याच दिवशी सांगून टाकायचं. हा निश्चय.

२ जुलै, रविवार

टिली रोज तीन ग्लास दूध पिते. ब्रोकोली मागून खाते. जी मुलगी ब्रोकोलीला झाडाचा अपघात म्हणायची ती मागून खाते. गॅरेजमधल्या दांड्याला लोंबकळते, शंभरपर्यंत आकडे मोजते आणि मग हात चोळत येऊन विचारते, फरक दिसतोय? उशी घेत नाही, कारण मान वाकली तर उंची कमी होते असं तिला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं.

रोंडा म्हणाली, डॉक्टरला दाखवायचं का? मी म्हटलं, वाढत्या वयात असं होतं. बावीस वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाने डॉक्टरकीत बोलू नये हे मला कळतं.

मला बरं वाटत नाहीये. ब्रोकोली उरते ती मी संपवतो. तेवढंच.

२९ जुलै, शनिवार

टिली लोंबकळून उतरली तेव्हा तिला गॅरेजच्या भिंतीशी उभी करून दुकानाच्या टेपने मोजलं. म्हटलं, कोट शिवायचा आहे. शेहेचाळीसच्या केसभर वर.

म्हणजे आज सांगायचं. निश्चय तसाच होता. पण आज शनिवार, गर्दी फार असते. सोमवारी सांगू.

३१ जुलै, सोमवार

पाऊस. पावसात बिग हॅना बंद असतो. मग सांगून उगाच पोरीचा जीव कशाला टांगणीला लावायचा.

१९ ऑगस्ट, शनिवार

क्रॅनमर पार्कला जावंच लागलं, रोंडाच्या ऑफिसची पिकनिक होती. बिग हॅनाच्या दाराशी मापाची काठी उभी असते. मी टिलीला दुसऱ्या वाटेने न्यायला निघालो. पण टिली काठीकडे फिरकलीच नाही. लांबूनच म्हणाली, मी अजून फक्त पंचेचाळीसची आहे, चल डॅडी. ती प्रामाणिक आहे. हे तिने कुणाकडून घेतलं ते सांगता येणार नाही, बहुतेक रोंडाकडून.

रांगेत एका माणसाने आपल्या पोराच्या बुटात कागदी रुमालांच्या घड्या कोंबल्या होत्या. तिथल्या बाईने बूट काढायला लावले आणि पितळ उघडं पडलं. मला भयंकर संताप आला. त्याला सुनावलं की बाबा रे, मुलांच्या मापात लबाडी करतोस, लाज नाही वाटत? नियम त्यांच्या जिवासाठी असतात. टिलीने माझा हात घट्ट धरला. घरी येताना रोंडाला म्हणाली, डॅडीने त्या माणसाला बरोबर सांगितलं.

मी तिला सगळ्यात मोठा फनेल केक, जिलबीसारखा तळलेला, घेऊन दिला होता. माझा माझ्याने खाववला नाही.

४ सप्टेंबर, लेबर डे

पार्क आजपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद. मनात पहिला शब्द आला, सुटलो.

दुसरा शब्द इथे लिहीत नाही.

आजच्या तारखेला ती खरी साडेशेहेचाळीस आहे. चौकटीवर साडेपंचेचाळीस. तिने चौकटीला हात लावून म्हटलं, चला, निदान एप्रिलमधली उंची तरी परत आली. मी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ती म्हणाली, डॅडी, गुदमरते.

१ जानेवारी, सोमवार

नवीन वर्षाचे निश्चय. एक, वजन. दोन, सराव. दुकानात फिरती खुर्ची आहे, रोज दहा गिरक्या घ्यायच्या. तीन, टिलीला खरं सांगायचं. तिसऱ्याला दुसरा पूर्ण झाल्याशिवाय अर्थ नाही, तेव्हा क्रमाने.

३ जानेवारी, बुधवार

चार गिरक्या. मग गालिच्याच्या नमुन्यांवर ओकलो. करड्या रंगावर दिसत नाही, गिऱ्हाइकांना तो सुचवायला हरकत नाही. सराव तूर्त थांबवला.

२२ मार्च, शुक्रवार

टिलीने शाळेच्या नर्सची चिठ्ठी आणली. उंची-वजनाची, घडी घातलेली, पालकांसाठी. तिने न वाचता माझ्या हातात दिली. पावणेअठ्ठेचाळीस.

चौकटीवर ती पावणेसत्तेचाळीस दाखवते. चिठ्ठी रोंडाने पाहिली तर ती वजाबाकी करणार, तिला येते. चिठ्ठी ट्रकच्या खणात ठेवली, टायरच्या पावत्यांखाली.

आता गंमत अशी की चौकटीच्या हिशेबानेही शेहेचाळीस भरले. म्हणजे खोटं जिथल्या तिथे ठेवूनही मला बसावंच लागणार. टिली घरभर नाचते आहे. वर्गात सगळ्यांना सांगून आलीय की डॅडी आणि मी पहिल्या डब्यात, आणि डॅडी विसाव्यांदा बसणार. मी म्हटलं, अगं, कशाला सगळ्यांना सांगायचं?

एक बरं झालं. मी बसलो की फिटंफाट होईल. सांगायची गरजच उरणार नाही. झालं गेलं गंगेला मिळालं, असं समजायचं.

१० मे, शुक्रवार

उद्या पार्क उघडतं. नाडी नसलेले बूट काढून ठेवलेत. याहून जास्त प्रामाणिक माणूस काय करू शकतो?

११ मे, शनिवार, संध्याकाळी ५

आज मी खरेपणाने वागलो. हे आधी लिहितो.

बिग हॅनाच्या दाराशी डोलोरेस नावाच्या बाई होत्या, सत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. टिलीला काठीशी उभं केलं, बूट काढायला लावले, डोक्यावर पट्टी ठेवली. म्हणाल्या, अठ्ठेचाळीसच्या वर. हिरवा पट्टा, राणीसाहेब, तुम्ही एकट्या बसू शकता.

टिली हसली नाही. म्हणाली, मला पिवळा पट्टा हवा, मोठ्या माणसाबरोबरचा. मी सत्तेचाळीस आहे. तुमची काठी चुकलीय.

डोलोरेसबाई म्हणाल्या, बाळा, ही काठी माझ्या तीन नवऱ्यांपेक्षा भरवशाची आहे.

टिली म्हणाली, माझे डॅडी मापं घेतात. बावीस वर्षं. त्यांचं कधी चुकत नाही. डॅडी, सांग ना यांना.

मागे रांग थांबलेली. वरून गाडी खाली आली आणि जमीन हादरली. मी म्हटलं, काठी बरोबर आहे, बेटा. चौकट चुकलीय. मागच्या मे महिन्यात फरशी काढली तेव्हा जमीन इंचभर खाली गेली.

तिला वजाबाकी येते, तिच्या आईसारखी. म्हणाली, म्हणजे मी आटले नव्हते? म्हटलं, नाही. म्हणजे मागच्या उन्हाळ्यात मी शेहेचाळीस होते? म्हटलं, जुलैच्या शेवटी झालीस. तुला ठाऊक होतं? म्हटलं, हो.

रोंडा माझ्याकडे बघत होती.

टिलीने हिरवा पट्टा मनगटाला बांधून घेतला आणि टोपी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, येतो ना मी तुझ्याबरोबर, चल. ती म्हणाली, नको. आता मोठं माणूस लागत नाही.

असो. सत्य बोललो. मनावरचं ओझं उतरलं.

१२ मे, रविवार

कालचं पुन्हा वाचलं. एक दुरुस्ती करायची राहिली.

ओझंबिझं काही उतरलं नाही. आणि खरेपणा वगैरेही नाही. डोलोरेसबाई एकट्या बसू शकता म्हणाल्या तेव्हाच मला दिसलं की काठी बरोबर ठरली तर मला बसावं लागणार नाही, आणि चौकट बरोबर ठरली तर बसावं लागेल. गाडी खाली आली, जमीन हादरली आणि मी काठीची बाजू घेतली. एवढंच झालं. वर्षभर जे खोटं मी बसायला लागू नये म्हणून सांभाळलं, तेच बसायला लागू नये म्हणून मोडलं. लाज वाटते. लिहिल्यावर कमी होईल वाटलं होतं, तसं झालं नाही.

राहिलेलं लिहितो. एकट्या पोराशेजारची जागा तिथे रिकामी ठेवत नाहीत. तिच्या शेजारी एक जाडा, टकला माणूस बसला. त्याचं स्वतःचं पोर काठीला कमी भरलं होतं आणि बायकोपाशी उभं राहून रडत होतं. बाहेर पडायच्या दाराशी फोटो विकतात. फोटोत टिलीने त्या माणसाचा दंड दोन्ही हातांनी धरलाय आणि दोघांनी आ वासलाय. तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागा दिसतात.

ती उतरून आली तेव्हा केस उभे, गाल लाल. मी टोपी पुढे केली. टोपी घेतली. मी विचारलं, भीती वाटली? म्हणाली, खूप. मग म्हणाली, त्या काकांनाही वाटत होती. बसल्या बसल्याच मला म्हणाले, मला फार भीती वाटते, तू माझा हात धरशील का?

मग ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. त्या काकांबरोबर. एकूण चार वेळा.

रोंडाने फोटो विकत घेतला आणि फ्रिजच्या दारावर लावला. आज दुपारपर्यंत मी काळी कॉफी प्यायलो. दूध आत आहे.